गाय गवत खाते, मग शेतकरी काय करतो?

गाय गवत खाते, यात सांगण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल. तिची जीभ, दात, पोट, सगळं गवतासाठीच घडलेलं. तरीही ‘ग्रास-फेड’, म्हणजे गवतावर पोसलेल्या जनावराचं, अशी चिठ्ठी लावलेलं दूध, लोणी किंवा मांस वेगळं म्हणून विकलं जातं, आणि चिठ्ठीमागे दाव्यांची रांग असते: निरोगी माती, नैसर्गिक अन्न, हवामानाचं भलं. यातले काही दावे पक्के आहेत, काही अर्धे खरे, आणि एक-दोन चक्क फुगवलेले. ते निवडून वेगळे करायचे तर आधी कुरणावर काय घडतं ते पाहायला हवं.

डोळ्यासमोर एक छोटं शेत आणा. एक कुटुंब, काही हेक्टर कुरण, दहा-वीस गायी, थोड्या मेंढ्या, कोंबड्या. नांगरट जवळपास नाही, धान्याचा खुराक नाही, विकतचं नत्रखत नाही. अशा शेतावर गवत खाण्याचं काम गाय न सांगता करते. कुटुंबाकडे उरतं ते दुसरं आणि जास्त अवघड काम: एकदा खाल्लेल्या गवताची पुरती विश्रांती होईपर्यंत गायीला तिथून लांब ठेवणं. मातीचा पोत, पावसाचं मुरणं, जनावरांच्या पोटातले जंत, काही अंशी दुधाचा कससुद्धा, हे सगळं फिरून या एका कामावर येतं असं माझं मत आहे. म्हणून सुरुवात गायीपासून न करता गवतापासून करू.

गवताला किती खाल्लेलं चालतं?

बहुतेक झाडांचा वाढता कोंब शेंड्याला असतो. गवताचा कोंब मात्र बराच काळ जमिनीलगत, बुडख्यात दडलेला असतो, आणि पानही बुडाकडून वर सरकत वाढतं. त्यामुळे वरचं पान दाताखाली गेलं तरी वाढ चालू राहते, बुडातून नवे फुटवे येतात. चरणाऱ्या जनावरांच्या सोबतीने लाखो वर्षं काढलेल्या वनस्पतीची ही सोय आहे.

पण सोय फुकट नाही. पान हा गवताचा अन्न तयार करण्याचा अवयव. तो गेला की नवं पान फुटेपर्यंत गवत साठवलेल्या साखरेवर जगतं, आणि गवताच्या अनेक जातींत ही साखर मुख्यतः बुडख्याच्या खालच्या काही सेंटिमीटरमध्ये असते. म्हणजे जनावराने अगदी जमिनीपर्यंत कुरतडलं तर पानाबरोबर शिल्लकही जाते. मग गवत खर्च कमी करतं, आणि पहिली कात्री मुळांवर चालवतं.

हे नेमकं किती घडतं? अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांनी गवताची पानं वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ मोजली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे आजही कुरणवाल्यांच्या तोंडी असतात. निम्म्यापर्यंत पानं कापली तर मुळांना जवळपास काही होत नाही. ८० टक्के कापली तर मुळांची वाढ पूर्ण थांबते, आणि सुमारे १२ दिवस थांबलेलीच राहते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. निम्म्याच्या पुढे तो एकदम कोसळतो. ‘अर्धं खाऊ द्या, अर्धं राखा’ हा कुरणवाल्यांचा ठोकताळा या आकड्यांशी जुळतो.

आता समजा गाय त्याच शेतात राहिली. चार-सहा दिवसांत चरलेल्या जागी कोवळी पालवी येते. गायीला कोवळं आवडतं, ती तिथेच परत तोंड घालते. गवताने मुळांकडून घेतलेली उचल फेडायच्या आत दुसरी उचल, मग तिसरी. शेजारचं निबर, न आवडणारं झुडूप मात्र कुणी न चाखल्यामुळे फुलतं, बी टाकतं आणि पसरतं. एकाच शेतात काही जागा खाऊन खाऊन मेलेल्या आणि काही जागा न खाल्ल्यामुळे रानटलेल्या, असं दृश्य यातूनच तयार होतं. जनावरं कमी असली तरी हे होतं. हा मुद्दा १९५०च्या दशकात फ्रेंच जीवरसायनतज्ज्ञ आणि शेतकरी आंद्रे व्वाझाँ यांनी ठासून मांडला: अतिचराई जनावरांच्या संख्येपेक्षा वेळेवर ठरते. रोप किती वेळ उघडं राहिलं आणि पुन्हा तोंडी लागण्याआधी त्याला किती दिवस मिळाले, हा खरा हिशोब.

गवताच्या वाढीलाही एक लय असते. चरल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस वाढ रांगते, कारण पानच नसतं. मग पान वाढतं तशी वाढ धावते. शेवटी कणीस धरायला लागलं की वाढ मंदावते, देठ कडक होतो, चाऱ्याचा कस उतरतो. चरायची योग्य वेळ म्हणजे धावती वाढ संपत आली आहे पण देठ अजून निबर झालेला नाही, असा थोडासा काळ. लवकर सोडलं तर गवत थकतं. उशीर केला तर गाय नाराज.

पट्ट्यांचं गणित, आणि त्यातली एक फसवी जागा

म्हणून कुरणाचे पट्टे पाडायचे आणि पाळीपाळीने चारायचे. गवताला ३० दिवसांची विश्रांती हवी आणि गायी एका पट्ट्यात एक दिवस राहणार असतील तर ३१ पट्टे लागतात: एकात गायी, तीस विश्रांतीवर. पक्की कुंपणं घालायची गरज नाही. हलके खांब, एक झटका तार आणि सरकवता येणारी पाण्याची टाकी एवढ्यावर एक माणूस रोज नवा पट्टा आखू शकतो. गायींना दोन-चार दिवसांत वेळ कळते आणि त्या तारेपाशी येऊन उभ्या राहतात.

इथपर्यंत सोपं आहे. फसायला होतं ते ऋतू बदलल्यावर. ऊब आणि ओल भरपूर असताना जे गवत ३० दिवसांत तयार होतं त्याला थंडीत किंवा कोरड्या दिवसांत ६० दिवसही लागतील. अशा वेळी पट्ट्यात गवत कमी असतं, ते लवकर संपतं, म्हणून शेतकरी गायींना भराभर पुढच्या पट्ट्यात हलवतो. त्याला वाटतं आपण जनावरांची सोय केली. पण फेरी लवकर पूर्ण झाल्यामुळे पहिल्या पट्ट्याला ३० दिवसांऐवजी २२च मिळतात, तेही जास्त हवे असताना. पुढच्या फेरीत गवत आणखी आखूड, हलवाहलव आणखी वेगाने, आणि दोन-तीन फेऱ्यांत सगळं शेत जमिनीला टेकतं.

खरं तर उलट करायला हवं. वाढ मंदावली की फेरीही मंदावली पाहिजे. पण एका पट्ट्यातलं दिवसभराचं गवत दोन दिवस पुरणार कसं? एकतर तोंडं कमी करायची, म्हणजे काही जनावरं विकायची. किंवा भरभराटीच्या दिवसांत काही पट्टे न चारता कापून वाळवायचे, मुरघास करायचा, आणि मंदीत ती वैरण देऊन गायींना एका राखीव जागेत अडकवायचं. तिसरा मार्ग म्हणजे मुळांच्या खात्यातून काढत राहणं. तो तोंडाने कुणी सांगत नाही, पण पुष्कळ ठिकाणी तोच चाललेला असतो.

छोट्या कुटुंबाचं बळ इथे दिसतं. विश्रांतीचे दिवस कोणत्याही तक्त्यात लिहून मिळत नाहीत, ते पट्ट्यात जाऊन, गवताचं पान बघून ठरतात. एकाच शेतात उताराचा भाग आणि सखल भाग वेगळ्या वेगाने वाढतात. रोज पायी फिरणाऱ्याला ते कळतं. दुबळी बाजू अशी की रोज म्हणजे रोज, त्यात सुट्टी नाही.

पाण्याची जागा ही बारीक वाटणारी पण मोठी गोष्ट आहे. गाय जे खाते त्यातल्या अन्नद्रव्यांचा ७५ ते ९० टक्के भाग शेण आणि मूत्रावाटे परत बाहेर येतो. तो कुठे पडतो हा प्रश्न. शेतात एकच पाणवठा आणि एकच सावलीचं झाड असेल तर गायी दिवसभर चरून खत तिथे नेऊन टाकतात. वर्षानुवर्षं असं झालं की झाडाखालची जमीन खताने माजते आणि लांबचा कोपरा उपाशी राहतो. पट्टे छोटे असले आणि पाणी पट्ट्याबरोबर फिरलं की शेण सारखं पसरतं.

खाली काय चाललेलं असतं

पोत चांगला असलेल्या मातीचं माप पुस्तकात साधारण असं दिलेलं असतं: ४५ टक्के खनिज कण, २५ टक्के पाणी, २५ टक्के हवा आणि ५ टक्क्यांच्या आसपास सेंद्रिय पदार्थ. म्हणजे निम्मी माती रिकामी जागा असते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती अवस्था या रिकाम्या जागेतल्या हवा-पाण्याच्या समतोलावर अवलंबून असते.

ही जागा टिकते कशी? मातीचे सुटे कण एकत्र येऊन रवाळ दाणे बनतात म्हणून. चिकटवण्याचं काम मुळं आणि त्यांच्याभोवतीचे जीव करतात. जिवंत मूळ आपण तयार केलेल्या साखरेचा काही भाग मातीत पाझरवतं. त्यावर जिवाणू आणि बुरशा जगतात, त्यांचे चिकट स्राव आणि बुरशीचे धागे कणांना बांधतात. जमिनीवरच्या सुमारे ८० टक्के वनस्पती-जातींची मुळं मायकोरायझा नावाच्या बुरशांशी जोडलेली असतात. बुरशी मुळांना न पोचणाऱ्या फटींतून स्फुरद आणून देते, मोबदल्यात साखर घेते. हा व्यवहार फार जुना आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती-जीवाश्मांत अशा बुरशीच्या खुणा आहेत.

यातून कुरणाचा फायदा समजतो. बहुवर्षायू गवताच्या शेतात बाराही महिने जिवंत मूळ असतं, नांगराने धागे तुटत नाहीत, आणि पृष्ठभाग झाकलेला राहतो. शिवाय मुळांतून आलेला कर्ब वरून पडलेल्या पाल्यापेक्षा मातीत जास्त टिकतो, कारण तो आधीच आत, कणांच्या सान्निध्यात असतो. आणि मूळ तेव्हाच साखर पाझरवेल जेव्हा वर पुरेसं पान असेल. दर आठवड्याला खरवडल्या जाणाऱ्या कुरणात नांगर नसला तरी मातीला खायला काही मिळत नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं. कुरणातलं एक आणि सतत नांगरलेल्या शेतातलं एक, अशी दोन ढेकळं वाळवून पाण्याच्या बरण्यांत जाळीवर ठेवा. माती एकाच जातीची हवी, नाहीतर तुलना व्यर्थ. चांगल्या कुरणाचं ढेकूळ बराच वेळ धरून राहतं. दुसरं बहुधा काही मिनिटांत ढासळून पाणी गढूळ करतं. पहिल्या सरीतही असंच होतं: ढासळलेली माती फटी बुजवते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं.

इथे एक फुगवलेला दावा टाचणी लावण्याजोगा आहे. सेंद्रिय कर्ब जरा वाढला की माती प्रचंड पाणी साठवते, असं सर्रास सांगितलं जातं. जगभरच्या मोजमापांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निघालं की मातीतला कर्ब पूर्ण एका टक्क्याने वाढला (आणि ही वाढ मिळवायला बरीच वर्षं लागतात) तर पिकाला मिळू शकणारं पाणी दर १०० मिलिमीटर खोलीला सरासरी सव्वा मिलिमीटरहूनही कमी वाढतं. थोडंच. वालुकामय जमिनीत जरा जास्त, चिकणमातीत कमी. कुरणाचा खरा लाभ साठवणुकीपेक्षा पाणी आत शिरण्यात आहे: पाऊस जिथे पडला तिथेच मुरतो आणि माती धुपत नाही.

नत्राचं काय? पट्ट्यात द्विदल चारा असेल तर त्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात. पांढरं क्लोव्हर हा असाच एक द्विदल चारा, त्याचं चांगलं कुरण वर्षाला हेक्टरी १०० ते २०० किलो नत्र बांधू शकतं. गंमत म्हणजे हे आपोआप आवरतंही. मातीत नत्र वाढला की गवत जोर धरतं आणि क्लोव्हरला दाबतं, नत्र घटला की क्लोव्हर परत डोकं काढतं. मात्र कोवळ्या, दवाने भिजलेल्या क्लोव्हरमध्ये उपाशी गायी सोडल्या तर पोटफुगीने तासाभरात जनावर दगावू शकतं. म्हणून आधी कोरडी वैरण, मग क्लोव्हर.

वरून नत्रखत टाकल्यास काय होतं याचा सगळ्यात लांब पुरावा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात आहे. तिथे एका गवताळ जमिनीवर १८५६ पासून प्रयोग चालू आहे. काहीही न घातलेल्या पट्ट्यांत आज चाळीसच्या आसपास वनस्पतींच्या जाती आहेत. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालेल्या आणि चुना न घातलेल्या पट्ट्यांत माती इतकी आंबट झाली की दोन-तीनच उरल्या. हे सांगणारे पुष्कळदा एक गोष्ट गाळतात: जास्त जातींच्या त्या बिनखताच्या पट्ट्यांतून गवतही कमीच निघतं.

शेणाची कथा तर स्वतंत्र लेखाची आहे. ऑस्ट्रेलियात गायी नेल्या गेल्या तेव्हा तिथल्या शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय होती. गायीच्या ओल्या पोवांशी काय करावं हे त्यांना जमेना. एक गाय दिवसाला दहा-बारा पोव टाकते. ते महिनोन्‌महिने तसेच पडून राहत, त्याखालचं गवत मरत असे आणि त्यात माश्यांचे थवे वाढत. जॉर्ज बॉर्नेमिस्झा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने १९६०च्या दशकापासून आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडले, तेव्हा परिस्थिती सुधारू लागली. शेणकिडा शेणाचे गोळे जमिनीत पुरतो, म्हणजे खत मुळाशी आणि मातीत भोकं, दोन्ही कामं फुकट. जंतांवरचं आयव्हरमेक्टिन दिलेल्या गायीच्या शेणात मात्र औषधाचे अंश उतरतात आणि किड्यांच्या अळ्या मरतात. तेव्हा जंतांचा बंदोबस्त जितका औषधाविना होईल तितकं बरं.

तो होतो कसा? पुन्हा विश्रांतीनेच. पोटातल्या जंतांची अंडी शेणातून बाहेर पडतात, ऊब-ओल असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत अळ्या होऊन गवतावर चढतात आणि कुणी खाण्याची वाट पाहतात. बहुतेक अळ्या जमिनीपासूनच्या पहिल्या पाच सेंटिमीटरमध्ये असतात. अर्धं गवत राखणारा शेतकरी नकळत गायीचं तोंड त्यांच्या वरच ठेवतो. आणि गायी परत येईपर्यंतच्या दिवसांत बऱ्याच अळ्या उपासमारीने किंवा उन्हाने मरतात, उष्ण कोरड्या हवेत लवकर, थंड ओल्या हवेत फार सावकाश. गायींमागे मेंढ्या चारल्या तर आणखी चांगलं, कारण गायीचे बहुतेक जंत मेंढीत जगत नाहीत आणि मेंढीचे गायीत. त्यांच्यामागे तीन-चार दिवसांनी कोंबड्या सोडतात. त्या शेण उकरून माश्यांच्या अळ्या टिपतात आणि शेण पसरवतात.

कोंबडीबद्दल एक खुलासा करायला हवा. तिला गवत पचत नाही. ती पाला, बी, किडे टिपते, पण तिचं मुख्य अन्न धान्य. त्यामुळे ‘कुरणावर वाढलेली कोंबडी’ ही गोष्ट असू शकते, ‘गवतावर वाढलेली कोंबडी’ असू शकत नाही. डुकराचंही तेच.

गायीच्या पोटात

गायीलाही एका अर्थी गवत पचत नाही. गवतातला सेल्युलोज तोडणारं पाचकद्रव्य तिच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम तिच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात, कोटीपोटात, राहणारे जिवाणू, एकपेशी जीव आणि बुरशा करतात. मोठ्या गायीचं कोटीपोट शंभर लिटरहून जास्त मावेल एवढं असतं. जीव गवत आंबवतात, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं निघतात, आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांतूनच येतो. शेवटी ते जीवही पुढच्या कप्प्यांत जाऊन पचतात. गाय गवतावर जीव पाळते आणि जिवांवर स्वतः जगते.

आम्लं एवढी निर्माण होतात तर पोट आंबत कसं नाही? लाळेमुळे. गाय दिवसातले सहा ते आठ तास रवंथ करते आणि शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते. तिच्यातला बायकार्बोनेट आम्ल मारतो, सामू (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) साडेसहाच्या आगेमागे राहतो. धान्य दिलं की दोन गोष्टी एकदम होतात. पिष्ट झपाट्याने आंबतं, आणि चावायला धागा कमी असल्यामुळे रवंथ घटतं, लाळ घटते. सामू ५.८च्या खाली बराच वेळ राहिला की कोटीपोटाचं अस्तर दुखावतं, तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात, खुरांपर्यंत त्रास पोचतो. मूठभर धान्याने हे होत नाही. धान्य विष आहे असं सांगणारे अतिशयोक्ती करतात. प्रमाण आणि वाढवण्याचा वेग, दोन्ही महत्त्वाचे.

गवतामुळे दुधात आणि मांसात काय बदलतं? मुख्यतः स्निग्धांश. हिरव्या पानात ओमेगा-३ गटातलं एक आम्ल असतं, धान्यात ओमेगा-६ जास्त. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, तीन वर्षं नमुने तपासलेल्या अभ्यासात गवतावरच्या गायींच्या दुधात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ साधारण सारखेच निघाले. नेहमीच्या दुधात ओमेगा-६ जवळपास सहापट होतं. फरक मोठा आहे, निर्विवाद आहे, आणि तरीही त्यावरून फार उड्या मारू नयेत. गवतावरच्या दुधाच्या एका मोठ्या पेल्यातही ओमेगा-३ ग्रॅमच्या आठव्या भागाइतकंच असतं. चमचाभर जवसात त्याच्या दहापट मिळतं.

रंगाचा फरक डोळ्यांना दिसतो. ओल्या गवतातलं बीटा-कॅरोटीन गायीच्या चरबीत उतरतं, म्हणून लोणी पिवळं. वैरण उन्हात वाळताना ते पुष्कळसं नष्ट होतं, त्यामुळे वर्षाच्या वैरणीच्या महिन्यांत त्याच गायींचं लोणी फिकट होतं. म्हशी आणि शेळ्या कॅरोटीनचं जवळजवळ पूर्ण रूपांतर अ जीवनसत्त्वात करतात, त्यांचं लोणी कितीही हिरवं खाल्लं तरी पांढरंच. रंगावरून परीक्षा करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

हवामान, जमीन आणि एक गळती

कोटीपोटातल्या आंबवण्यात मिथेन तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. धागेदार चाऱ्यावर तो दर किलो चाऱ्यामागे धान्यापेक्षा जास्त निघतो, आणि मांसासाठीचं जनावर गवतावर हळू वाढत असल्याने जास्त दिवस निघतो. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षं टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. याच्या विरुद्ध पारड्यात मातीत जाणारा कर्ब. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा चांगल्या परिस्थितीतही मातीतला कर्ब चराईच्या उत्सर्जनाचा २० ते ६० टक्के भागच भरून काढतो असं दिसलं.

उलट, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका शेतावर, जिथे गायींबरोबर मेंढ्या-कोंबड्याही पाळीपाळीने फिरवतात, २०२०च्या अभ्यासात निव्वळ उत्सर्जन नेहमीच्या पद्धतीपेक्षा ६६ टक्के कमी निघालं. दोन्ही खरं असू शकतं. ती जमीन आधीच्या पिकांनी खंगलेली होती, आणि खंगलेली माती सुरुवातीला कर्ब झपाट्याने भरते. काही दशकांनी भरणं मंदावतं. गायी मात्र ढेकर देतच राहतात. त्याच अभ्यासात तेवढ्याच मांसाला अडीचपट जमीन लागली, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. माझ्या मते हवामान हे असं अन्न घेण्याचं सगळ्यात लंगडं कारण आहे. नांगराला न परवडणारी उताराची, खडकाळ जमीन झाकलेली राहते, माती धुपत नाही, जनावर मोकळं फिरतं, ही कारणं पुरेशी भक्कम आहेत.

‘सगळं मातीत परत जातं’ हेही पूर्ण खरं नाही. दर हजार लिटर दुधाबरोबर साधारण एक किलो स्फुरद आणि सव्वा किलो कॅल्शियम शेताबाहेर जातं. दहा गायींनी मिळून वर्षाला तीस हजार लिटर दूध दिलं तर तीस किलो स्फुरद गेला. नत्र हवेतून येतो, स्फुरद येत नाही. मातीतल्या जुन्या साठ्यावर बरीच वर्षं निभावतं, मग क्लोव्हर आधी रोडावतं. म्हणून जाणता कुरणवाला दर काही वर्षांनी माती तपासतो आणि खनिज स्फुरद घालतो, किंवा बाहेरून वैरण विकत आणून तिच्यासोबत अन्नद्रव्यंही आणतो. अशी खरेदी बघून कुणी नाक मुरडत असेल तर त्याने दूध नेमकं कुठे जातं याचा विचार करावा.

असं शेत बघायला गेलात तर लोक सहसा एकच विचारतात: गायींना धान्य देता का? त्यापेक्षा दोन प्रश्न जास्त उपयोगाचे. तुम्ही उभे आहात त्या पट्ट्यात गायी शेवटच्या कधी होत्या, आणि परत कधी येणार? ज्याला दिवस चटकन सांगता येतात, किंवा जो खाली वाकून गवत चाचपतो आणि मग सांगतो, तो काम जाणतो. दुसरा प्रश्न: पाऊस लांबला आणि गवत कमी पडलं तर काय करता? कुणी सांगेल की भाकड जनावरं आधी विकतो, कुणी वैरणीचा साठा दाखवेल, कुणी म्हणेल दुभत्यांना त्या महिन्यात थोडं धान्य देतो पण पट्ट्यांची विश्रांती मोडत नाही. चिठ्ठीच्या नियमात हा तिसरा कदाचित बसणार नाही. दूध मी त्याच्याकडूनही घेईन.